कॉल सेंटरमध्ये दिव्यांगांसाठी सोयी : कायदा कुठे साथ देतो, कुठे सोडतो?

एका कानात ग्राहक, दुसऱ्या कानात स्क्रीन रीडर. दृष्टिहीन कर्मचारी कॉल सेंटरमध्ये असंही काम करतात. पण कंपनीचं सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरला वाचताच आलं नाही तर? कॉल लांबतो, टार्गेट हुकतं आणि ठपका कर्मचाऱ्यावर येतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ काय सांगतो? कंपनीवर अवाजवी भार न टाकता करता येणारे गरजेचे बदल नाकारणं, हा कलम २ नुसार भेदभाव आहे. कलम २१ नुसार खासगी कंपनीलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं.

मग मेख कुठे आहे? नोकरीत अशा सोयी देण्याचं थेट बंधन कलम २० मध्ये आहे. नोकरीदरम्यान अपंगत्व आल्यास कामावरून न काढण्याचं संरक्षणही तिथेच आहे. पण हे दोन्ही फक्त सरकारी आस्थापनांसाठी!

म्हणून खासगी नोकरीत तोंडी मागणीवर थांबू नका. अडचण काय, नेमका बदल कोणता हवा, हे एचआरला ईमेलवर कळवा. समान संधी धोरणाची प्रत मागा. दाद मिळाली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यात आहे. तिथे तोच ईमेल पुरावा म्हणून कामी येईल.