विचारवंतांचे अमाप पीक

गेल्या गणेशोत्सवात आमच्या वसाहतीतल्या मंडळाने माझे व्याख्यान ठेवले होते. पत्रिका घरी आली. पाहतो तो माझ्या नावामागे 'सुप्रसिद्ध विचारवंत' असे छापलेले! मी चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. त्या काळात विचार केलाच नाही असे नव्हे. पण जो केला तो बहुतेक वह्यांचा गठ्ठा संपणार कधी, याचाच. आमच्या मंडळींनी पत्रिका वाचली, "हे कोण?" असे विचारले आणि त्या पुन्हा मोदकांच्या उकडीकडे वळल्या. वाचकहो, त्या दोन शब्दांत जी टीका झाली तीच मी येथे जरा लांबवणार आहे. चकलीचा तुकडा मोडता मोडता ऐकून घ्या.

माझे भांडण विद्वानांशी नाही. त्यांना आपण ज्या शब्दांनी हाका मारतो त्यांच्याशी आहे. जुने शब्द पाहा. दशग्रंथी म्हटला की दहा ग्रंथ मुखोद्गत असलेच पाहिजेत. एक विसरला तर नववा-दहावा कोण मोजणार, अशी सूट नव्हती. लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नावामागचे 'तर्कतीर्थ' म्हणजे कलकत्त्याची परीक्षा. ती ते 1923 साली उत्तीर्ण झाले. परांजप्यांना आपण 'रँग्लर' म्हणत आलो, कारण केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत 1899 साली ते अगदी वरच्या स्थानी आले. केतकरांना 'ज्ञानकोशकार' म्हणायचे तर समोर 23 खंड उभे असतात. ज्याला शंका असेल त्याने उचलून पाहावेत. या प्रत्येक शब्दाच्या पोटात एक माप आहे. गडी काय जाणतो, किती जाणतो, हे शब्दच सांगतो.

ही मापे सगळ्यांच्या घरी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. दशग्रंथी होण्याची वाट एकाच जातीच्या ओसरीवरून जात होती आणि त्या ओसरीवरही बायकांना जागा नव्हती. कलकत्त्याच्या पंडितांनी 1878 साली रमाबाईंची परीक्षा घेतली आणि मगच त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' म्हटले. पुरुषांपैकी कितीजण नुसत्या जन्माने शास्त्रीबुवा म्हणवून घेत होते, त्याचा हिशेब निराळा. तेव्हा जुने ते सोने म्हणून मी गळा काढीत नाही. पण माप खोटे असले तर ते दुरुस्त करावे. आपण मापच फेकून दिले.

आता 'विचारवंत' घ्या. धनवंत म्हणजे ज्याच्यापाशी धन आहे तो. विचारवंत म्हणजे ज्याच्यापाशी विचार आहेत तो. कसले? किती? स्वतःचे की उसने? शब्द गप्प. 'बुद्धिजीवी' हा तर नुसता पोटापाण्याचा शब्द, बुद्धीवर जगणारा. त्यात खिसेकापूही बसतो. आणि 'तज्ज्ञ'! हा शब्द मात्र मुळात फार प्रामाणिक आहे. तत् अधिक ज्ञ, म्हणजे 'ते' जाणणारा. ते, म्हणजे तेवढेच, बाकीचे नव्हे. पण आपण तो सर्रास 'तज्ञ' असा लिहितो. जोडाक्षरातला एक 'ज्' गळतो आणि त्याच्याबरोबर ते 'तत्'ही गळते. मग उरलेला ज्ञ दूरचित्रवाणीवर सकाळी पावसाविषयी, दुपारी शेअरबाजाराविषयी आणि रात्री क्रिकेटविषयी बोलतो. इंग्रजांनी आपला 'पंडित' नेला, त्याचेही तेच केले. त्यांच्या पडद्यावर बडबड करणाऱ्याला ते पंडित म्हणतात. याच इंग्रजांच्या भूमापन खात्यात कुमाऊंचा एक शाळामास्तर, नैनसिंग रावत, 'पंडित' म्हणून ओळखला जाई. 108 ऐवजी 100 मण्यांची जपमाळ हातात घेऊन, पावले मोजीत तो 1866 साली ल्हासाला पोचला. दर शंभर पावलांना एक मणी. त्याच्या पांडित्याची मोजणी त्याच्या टाचांत होती.

याच्या उलट बोलणारेही आहेत. पुस्तक हातात दिसले की 'पढतमूर्ख' म्हणून मोकळे होतात. समर्थांनी दासबोधात मूर्खासाठी एक समास लिहिला आणि पढतमूर्खासाठी दुसरा, निराळा. जो जाणतो आणि तरी तसे वागत नाही, त्याला त्यांनी झोडपले, जाणण्याला नव्हे. हा भेद विसरून ज्यांना अभ्यासाचाच कंटाळा आहे, त्यांनी समर्थांची काठी उसनी घेऊ नये.

हे सगळे मी मोठ्या तोऱ्याने लिहितो आहे, पण माझाही हात स्वच्छ नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी कापडधंद्यातल्या शब्दांना मराठी प्रतिशब्द देणाऱ्या एका समितीवर मी 'भाषातज्ज्ञ' होतो. मागाला मी जन्मात हात लावला नव्हता. सोलापूरहून एक वयस्क विणकर बोलावले होते. ताण्याच्या सुतांमधून बाण्याचे सूत घेऊन जो इकडून तिकडे धावतो, त्याला काय म्हणायचे, असा प्रश्न निघाला. ते म्हणाले, "धोटा." समितीला धोटा ओबडधोबड वाटला. तास-दीड तास खल होऊन 'सूत्रवाहिका' ठरली. विणकर शांतपणे म्हणाले, "साहेब, ही बाजारात कुठं मिळते?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो आणि हसून झाल्यावर कागदावर सही केली. जाताना मला 'तज्ज्ञ मानधन' मिळाले, त्यांना एस.टी.चे भाडे. त्यांच्या रकमेपुढे कारकुनाने 'इतर' असे लिहिले होते. ते मी वाचले, आणि काही बोललो नाही.

पत्रिकेतला 'विचारवंत' खोडून 'निवृत्त शिक्षक' घाला, असे मी मंडळाच्या चिटणिसांना सांगून पाहिले. ते म्हणाले, "सर, मग माणसं येणार नाहीत." माणसे तशीही बेताचीच आली.

घरी माझ्याकडे शब्दांच्या चिठ्ठ्यांची एक पेटी आहे. परवा तिच्यात धोट्याची चिठ्ठी घातली. शब्द, अर्थ, आणि खाली 'सांगणार' अशी एक जागा असते. तिथे 'विणकर, सोलापूर' एवढेच लिहिता आले. त्यांचे नाव मी तेव्हा विचारले नव्हते.