अहवाल आणि पुढची तारीख

गर्भाशयाच्या कर्करोगाचे निदान प्राथमिक अवस्थेत झाले, ही वार्ता डॉक्टरांच्या लेखी समाधानाची आणि घरच्यांच्या लेखी वज्राघाताची असते. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. गर्भाशयापुरता मर्यादित राहिलेला हा रोग शस्त्रक्रियेने बहुधा आटोक्यात येतो आणि वेळेवर उपचार मिळालेल्या अशा दहा स्त्रियांपैकी सुमारे नऊ जणी पाच वर्षांनंतरही हयात असतात, हे डॉक्टरांना ठाऊक असते. घरच्यांनी मात्र 'कॅन्सर' एवढा एकच शब्द ऐकलेला असतो. या दोहोंच्या मध्ये काही आठवडे असे जातात की, रोगाचे नाव कळलेले असते, पण तो कुठवर पोचला आहे हे कळलेले नसते. एम.आर.आय. व्हायचा असतो, छातीची तपासणी राहिलेली असते, तुकड्याचा अहवाल मोठ्या रुग्णालयात पुन्हा पाहिला जायचा असतो. या मधल्या दिवसांची जबाबदारी आपल्या व्यवस्थेत कोणाचीच नाही, असे स्पष्ट म्हणावे लागते.

पूर्णेसारख्या गावातून पाहिले की हे अधिक ठळक दिसते. पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन. परभणी, नांदेड आणि हिंगोली-अकोला अशा तीन दिशांना येथून रूळ जातात. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तीसेक किलोमीटरवर आहे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय सुमारे दोनशे किलोमीटरवर. आणि परळच्या टाटा रुग्णालयासाठी देवगिरी एक्स्प्रेसची एक रात्र. म्हणजे वाट नाही असे नाही. परंतु सोनोग्राफी एका गावी, तुकड्याची तपासणी दुसऱ्या गावी आणि एम.आर.आय. तिसऱ्या गावी, अशी ही वाट तुकड्यातुकड्यांची आहे, आणि प्रत्येक तुकड्यानंतर 'कळवू' हा एकच शब्द हाती पडतो. गाडीला उशीर होणार असेल तर किती उशीर हे स्थानकाच्या फलकावर लिहिण्याचा रिवाज रेल्वेने तरी ठेवला आहे. रुग्णालयांना तो अद्याप सुचलेला नाही.

आपल्याकडे 'गर्भपिशवीचा कॅन्सर' या एका नावाखाली दोन निरनिराळे रोग खपून जातात. एक गर्भाशयाच्या मुखाचा. तो प्रामुख्याने एका विषाणूच्या दीर्घ संसर्गातून होतो. त्यासाठी लस आहे आणि लक्षणे दिसण्यापूर्वी करावयाची चाचणीही आहे. दुसरा गर्भाशयाच्या आतील अस्तराचा. तो बहुधा पाळी गेल्यानंतरच्या वयात होतो. स्थूलता आणि मधुमेह यांच्याशी त्याचा संबंध आहे. या दुसऱ्या रोगासाठी सरसकट करावयाची चाचणी नाही. मात्र तो लवकर खूण देतो: पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावरून लाल जाऊ लागते. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग नसतो, तथापि ज्यांना तो असतो त्यांच्यापैकी बहुतेकींना हीच खूण दिसलेली असते. 'या वयात आता कोणाला दाखवायचे' या संकोचाने ती खूण महिनोन् महिने पदराआड ठेवली जाते. म्हणून जिचे निदान प्राथमिक अवस्थेत झाले, ती बहुधा संकोच सोडून वेळेवर बोललेली बाई असते.

आणि नेमके तिलाच यापुढे बोलू दिले जात नाही. 'साधी गाठ आहे' असे तिला सांगून खरा अहवाल मुलाच्या नाही तर दिराच्या पिशवीत जातो. हेतू मायेचा असतो, हे मान्य. पण बाई खुळी नसते. घरात कुजबूज सुरू झाली, सुनेने तिच्या हातचे काम काढून घेतले, लांबची नणंद अचानक भेटीला आली, की तिला सारे उमगते. फक्त विचारायला कोणी उरत नाही. ज्या देहाची तपासणी व्हायची आहे त्याच देहाच्या मालकिणीला वगळून केलेली ही माया तिला एकटी पाडते.

या काळात दुसरा एक सल्ला हमखास येतो: 'कशाला तपासण्यांचा घोळ? पिशवी काढून टाका, विषय संपला.' मराठवाड्याने तरी हा सल्ला ऐकताना दोनदा विचार करावा. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ साली पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे हे आकडे आले. पाणी जाणे, पोट दुखणे अशा साध्या तक्रारींवर 'कॅन्सर होईल' अशी भीती घातली गेल्याचे त्यांतील अनेकींनी सांगितले होते. तिथे रोगाचा पत्ता नसताना शस्त्रक्रिया झाल्या. इथे रोग आहे, म्हणून तर तपासणी अधिकच हवी. अस्तराच्या कर्करोगात गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढावे लागतात का, जवळच्या लसिकाग्रंथी तपासायच्या का, हे आधी ठरवावे लागते. रोग मुखाचा असून साधीच शस्त्रक्रिया उरकली, तर पुढचे उपचार अवघड होऊन बसतात.

पंधरा दिवसांत रोग हाताबाहेर जाईल, या धास्तीने माणसे घाई करतात. प्राथमिक अवस्थेतील अस्तराचा कर्करोग सहसा इतक्या वेगाने धावत नाही; नीट तपासणीसाठी गेलेले दोन-तीन आठवडे वाया जात नाहीत. मात्र अहवाल कपाटात पडून महिने गेले तर हा हिशेब उलटतो. म्हणून वाट पाहण्याला मर्यादा हवी, आणि ती कागदावर हवी. पुढची तपासणी कोणती, कोठे, कोणत्या दिवशी, निकाल कोण सांगणार आणि त्या आधी रक्तस्राव वाढला तर कोणाकडे जायचे, एवढ्या पाच गोष्टी मराठीत लिहून बाईच्या हाती देण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. मोठ्या रुग्णालयात केवळ छापील अहवाल पुरत नाही. काढलेल्या तुकड्याच्या काचा आणि मेणातले ठोकळे, ज्यांना प्रयोगशाळेत स्लाइड व ब्लॉक म्हणतात, तेही तिथले तज्ज्ञ मागतात. ते आणले नाहीत म्हणून मुंबईहून परत फिरावे लागले, तर त्यात रजा, भाडे आणि आठवडा असे तिन्ही जातात. निघण्यापूर्वी ते प्रयोगशाळेतून मागून घ्यावेत.

बोलण्याने काय होते, असे विचारणाऱ्यांनी बार्शीकडे पाहावे. देशातील ग्रामीण भागाची पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली तेथे सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते बार्शी, भूम, परांडा भागातल्या गावांत जाऊन लोकांशी रोगाच्या खुणांविषयी बोलत राहिले. त्यानंतर काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्याचे डॉ. नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केले. नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. परभणी जिल्ह्यात आशा कार्यकर्त्या घरोघर जातातच. निदान झालेल्या स्त्रीच्या पुढच्या तारखांची नोंद त्यांच्या वहीत असावी आणि तारीख चुकली तर त्यांनी दारात यावे, एवढी मागणी जिल्हा आरोग्य विभागाकडे करण्यास हरकत नाही. घरच्यांचा जीव टांगणीला लागलेला असताना बाहेरचे एक शांत माणूस फार कामी येते.

पूर्णेच्या वाचकांना प्रवासाचा एक तपशील उपयोगी पडावा. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी वा फेरतपासणीसाठी रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते; स्लीपर वर्गात रुग्णाचे भाडे पूर्ण माफ आणि सोबत्याचे ७५ टक्के माफ होते. त्यासाठीचा ठरावीक नमुना रुग्णालयातून सही-शिक्क्यानिशी घ्यावा लागतो. तो पहिल्याच खेपेला मागून घ्यावा. नाहीतर तेवढ्यासाठी आणखी एक खेप होते.