सरांची डिग्री बघा, आणि गोसीखुर्दबद्दलही विचारा

मला एक प्रश्न सारखा येतो. "सर, प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा कोर्स लावायचा आहे, शिकवणारा चांगला आहे हे ओळखायचं कसं?"

माझं मत सरळ आहे. डिग्री बघाच, पण त्यांनी स्वतः कोणतं काम सुरू करून पूर्ण केलं, हेही विचारा. यातलं एकच असेल तर फी भरताना दोनदा विचार करा.

आधी माझंच सांगतो. मी बीबीए. कॉलेजात गँट चार्ट काढून चांगले मार्क घेतले. पुढे तुमसरला दुसरं दुकान टाकलं, दिवाळीत उघडायचं होतं. फर्निचर तयार, माल आलेला, पण विजेच्या मीटरचा अर्ज मीच उशिरा केला. दुकान उघडलं डिसेंबरात. माल पडून, कर्जाचं व्याज चालू. चार्ट मला काढता येत होता, पण कोणतं एक काम अडलं की सगळंच अडतं, हे त्या दिवाळीनं शिकवलं.

मग डिग्री वाया गेली का? नाही. चूक कुठे झाली हे नंतर समजलं, ते पुस्तकातल्या क्रिटिकल पाथमुळेच. नाहीतर मी नशिबाला दोष देऊन मोकळा झालो असतो.

ई. श्रीधरन यांचं उदाहरण घ्या. सिव्हिल इंजिनिअरिंगची डिग्री, सुरुवातीला थोडे दिवस कोझिकोडच्या पॉलिटेक्निकमध्ये लेक्चरर, मग रेल्वे. 1964 च्या वादळात मोडलेला पांबन पूल त्यांनी 46 दिवसांत उभा केला. पुढे कोकण रेल्वे, रोह्यापासून मंगळुरूपर्यंत, 1998 मध्ये पूर्ण. असा माणूस वेळापत्रकावर बोलला तर आपण वही काढतो.

यूजीसीलाही हे पटलंय. 2022 मध्ये त्यांनी 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची वाट काढली. आपल्या क्षेत्रात किमान 15 वर्षं मोठं काम केलेल्या तज्ज्ञाला पीएचडी नसली तरी ठराविक काळासाठी शिकवता येतं.

आता भंडाऱ्याची परीक्षा. डेमो लेक्चरला बसा आणि विचारा, "सर, आपलं गोसीखुर्द एवढं का लांबलं?" पवनी तालुक्यातलं हे धरण. भूमिपूजन 1988 चं, मूळ अंदाज 372 कोटींचा, खर्च गेला हजारो कोटींवर. "प्लॅनिंग चुकलं" एवढंच उत्तर आलं तर हात जोडून उठा. भूसंपादन, पुनर्वसन, कालवे आणि निधी यात कशामुळे काय अडतं, हे जो फळ्यावर मांडेल, त्याच्याकडे नाव घाला.

आणि हो, मलाही विचारा. मी धरण बांधलेलं नाही, दोन दुकानं उभी केली आहेत. म्हणून मी दुकानापुरतंच शिकवतो. ज्याची जेवढी साइट, तेवढीच त्याची फी असावी.

पटलं नसेल तर बिनधास्त सांगा. भेटू पुढच्या व्हिडिओत!