पाण्यातलं औषध आणि खानदेशचा उन्हाळा

कोंबड्यांना अँटिबायोटिक द्यावं की नाही, यावर आपल्याकडे वाद भरपूर होतात. किती द्यावं, यावर मात्र कुणीच बोलत नाही. मला तर खरी गोम तिथेच दिसते.

आता हा हिशोब बघा. समजा एखादं औषध किलोमागे १० मिलिग्रॅम द्यायचं आहे आणि शेडमध्ये एकेक किलोचे हजार पक्षी आहेत. म्हणजे दिवसाला १० ग्रॅम औषध लागलं. पक्षी २०० लिटर पाणी पीत असतील तर लिटरला ५० मिलिग्रॅम. इथवर ठीक. पण आपल्या जळगाव-धुळ्याला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि तेच पक्षी दुप्पट पाणी पितात. माप लिटरमागे तेच ठेवलं, की डोसही दुप्पट! उलट जो पक्षी खरोखर आजारी आहे, तो कोपऱ्यात मान टाकून बसतो, पाणीच पीत नाही. म्हणजे धडधाकटाला जास्त आणि आजाऱ्याला कमी. अर्धवट डोसात कमकुवत जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात.

दुसरं म्हणजे, औषध कशावर देतोय हे तरी कळायला नको का? फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा ही मरतुक राणीखेतची आहे, असं पोल्ट्रीवाले म्हणत होते. बर्ड फ्लू काय आणि राणीखेत काय, दोन्ही विषाणूचे रोग. अँटिबायोटिक त्या विषाणूंचं काहीच करू शकत नाही.

"कोंबडीचं औषध, आपल्याला काय त्याचं?" असं कुणी म्हणेल. कोलिस्टिनचं उदाहरण घ्या. माणसाला बाकी औषधं लागू पडेनाशी झाली की डॉक्टर शेवटी याच्याकडे वळतात. आणि तेच आपल्या देशात कोंबड्यांच्या खाद्यात जात होतं, वजन वाढावं म्हणून! २०१५ मध्ये चीनच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की कोलिस्टिनला दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. आपल्या सरकारने जुलै २०१९ मध्ये जनावरं, कोंबड्या आणि मत्स्यपालनासाठी त्यावर बंदी घातली. चांगलं झालं. पण बंदी एका औषधावर आली, अंदाजपंचे माप तसंच राहिलं.

सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं मला पटत नाही. करारावर पक्षी सांभाळणाऱ्याला पिल्लं, खाद्य, औषध सगळं कंपनीच पुरवते. खाद्यात काय मिसळलंय हे त्याला कोण सांगतं? आणि भाव चढला की व्यापाऱ्याची गाडी दारात उभी. औषध थांबवून किती दिवस झाले, हे विचारायला कुणाला सवड आहे?

माझं मागणं साधं आहे. औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नको. माप पक्ष्याच्या वजनावर आणि त्या दिवशी प्यायलेल्या पाण्यावर ठरावं. आणि शेडमध्ये एक वही असावी: औषध कधी सुरू केलं, कधी थांबवलं, पक्षी कधी विकले. वीस रुपयांच्या वहीचं काम आहे हे. तुमच्या नात्यागोत्यात कुणाची शेड असेल, तर एवढं जरूर सांगा.