बायकोची किंमत २९,००० पौंड

लग्न खरं आहे की खोटं, हे तपासण्याचा हक्क कुठल्याही देशाला असावा. त्याला माझी हरकत नाही. व्हिसासाठी खोटी लग्नं लागतात, आणि त्यात फसवल्या जातात त्या बऱ्याचदा बायकाच. तेव्हा कागद बघा, हवे ते प्रश्न विचारा. माझं भांडण वेगळं आहे. लग्न खरं आहे याची पुरती खात्री पटल्यावरही ब्रिटनचा कायदा नवरा-बायकोला एकत्र येऊ देत नाही, कारण नवऱ्याचा पगार कमी. आणि आपण इथे बसून 'तिकडचे नियम कडक असतात बुवा' असं म्हणतो, तेही जरा कौतुकानेच.

माझं माहेर अमरावती, सासर अकोला. अकोल्यात मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. नवरा इंग्लंडमध्ये आहे. त्याला कायम राहण्याचा परवाना मिळाला, त्यानंतर त्याची कंपनी बंद पडली. आता तो गोदामात पूर्ण वेळ काम करतो. तिथे एप्रिल २०२५ मध्ये कायद्याने ठरलेलं किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होतं. आठवड्याला ४० तास आणि वर्षाचे ५२ आठवडे धरले तर होतात सुमारे २५,४०० पौंड. पत्नीला बोलावण्यासाठी लागतात वर्षाला २९,०००. म्हणजे ज्या सरकारने किमान वेतन ठरवलं, त्याच सरकारच्या मते त्या वेतनावर पूर्ण वेळ राबणारा माणूस बायको आणण्याच्या लायकीचा नाही. यात लबाडी कोणाची?

ही अट जुलै २०१२ मध्ये आली, तेव्हा रक्कम १८,६०० होती. ११ एप्रिल २०२४ ला ती एकदम २९,००० झाली. पगार पुरत नसेल तर बचत दाखवा म्हणतात. निव्वळ बचतीवर भागवायचं तर ८८,५०० पौंड. एवढे पैसे असते तर गोदामात खोकी कोण उचलत बसलं असतं?

माझा पगार या हिशोबात नाही. इथली माझी नोकरी अर्जापुरती शून्य. तिथे जाऊन मी कमावीन, ही शक्यताही शून्य, जरी हा व्हिसा मिळाल्यावर काम करण्याची पूर्ण मुभा असते. सासरे पेन्शनमधून हमी द्यायला तयार आहेत, पण तिसऱ्याची हमी एरवी चालत नाही. अमेरिकेतही उत्पन्नाची अट आहे, मात्र तिथे कमी पडलं तर दुसरा जामीनदार उभा करता येतो. इथे तेवढीही सोय नाही. कायद्याच्या नजरेत मी शिकलेली, कमावती बाई नाहीच. मी एक खर्च आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'तिथल्या करदात्यांवर बोजा नको.' ठीक. पण या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला सरकारी भत्ते घेण्याची मनाई आधीपासूनच आहे. वर पहिल्याच अर्जासोबत आरोग्यसेवेचा अधिभार ३,१०५ पौंड आणि अर्जाची फी १,९३८ पौंड (एप्रिल २०२५ चा दर). रुपयांत साडेपाच लाखांच्या वर. अर्ज फेटाळला तर अधिभार परत मिळतो, फी मिळत नाही. बोजा नेमका कोण कोणावर टाकतंय?

सासूबाईंचा प्रश्न साधा आहे. "तुयं लगन झालं हे साऱ्या गावाले ठाऊक हाये, मंग त्या सायबाले काऊन नाई?" त्यांना मी सांगितलं की साहेबाला लग्नाबद्दल शंका नाही, त्याला पगाराची चिठ्ठी हवी आहे. त्या म्हणाल्या, "मंग लगनाचे फोटो कायले मागते?"

हे काही आजचं नाही. दक्षिण आफ्रिकेत १४ मार्च १९१३ ला न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला तो बाई मरियम या हिंदी स्त्रीच्या प्रकरणात. ती नवऱ्याकडे आली होती, आणि तिला आत घेतलं नाही. ख्रिस्ती पद्धतीने न झालेली, नोंद नसलेली लग्नं तिथल्या कायद्याला लग्नं वाटत नव्हती. त्याविरुद्ध बायका सत्याग्रहात उतरल्या, कस्तुरबा तुरुंगात गेल्या, आणि १९१४ च्या कायद्याने ती लग्नं मान्य करावी लागली. १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य चाचणी झाली. बातमी फुटली, आरडाओरड झाली, तेव्हा ते थांबलं. दर वेळी कारण शिस्तीचंच दिलं गेलं, आणि दर वेळी ते मागे घ्यावं लागलं कारण कोणीतरी बोललं.

आता आणखी एक बघा. ११ मार्च २०२४ पासून ब्रिटनने परदेशातून येणाऱ्या केअर वर्करना नवरा, बायको, मुलं सोबत आणायला बंदी केली. त्यांच्या म्हाताऱ्यांना न्हाऊ-माखू घालायला आमची माणसं चालली, पण त्या माणसांचं घर चाललं नाही. त्याच वर्षी जानेवारीपासून संशोधन सोडून इतर पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही तीच बंदी लागली. राजकमल चौकापासून टिळक रोडपर्यंत 'परदेशी शिक्षणा'चे फलक लावणाऱ्यांपैकी किती जण हे पोरांना पैसे भरण्याआधी सांगतात?

आणि आपण? वऱ्हाडात व्हिसा अडकला की त्याचं 'नशीब' होतं. बाईचं असेल तर पायगुण. शेजारीण विचारते, 'अजून इथंच?' जणू मीच कुठे कमी पडले. फॉरेनचं स्थळ म्हणून मिरवणारी मंडळी साखरपुड्याआधी मुलाचा पगार विचारतात, पण तो कोणत्या व्हिसावर आहे आणि त्या व्हिसावर बायको नेता येते का, हे विचारत नाहीत. हा प्रश्न आधी विचारा. त्यात अपमान कसला?

माझी मागणी भीक नाही. लग्न तपासा. पण उत्पन्न मोजायचंच असेल तर दोघांचं मोजा, आणि अट किमान वेतनाच्या वर नेऊ नका. आपल्या सरकारने ब्रिटनशी व्यापार करारावर जुलै २०२५ मध्ये सह्या केल्या. मालाला वाट मोकळी करून घेताना अशा बायका-नवऱ्यांची बाजू कोणी मांडली का, हे आपल्या खासदारांना विचारायला हवं. मी विचारते आहे. ज्यांच्या घरात असा अर्ज पडून आहे, त्यांनीही विचारावं.