दीड फुटांची तार

म्युझियम म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? तलवारी, चिलखतं, जुनी नाणी, फार तर डायनोसॉरचा सांगाडा. आज मात्र मी तुम्हांला अशा एका संग्रहालयात नेणार आहे, जिथे भिंतीभर नुसती काटेरी तार लावलेली आहे. हो, हो, तीच! शेताच्या नाहीतर शाळेच्या कुंपणाला असते ती. जिच्यात अडकून शर्ट फाटला की आई आधी शर्टाकडे बघते आणि मग आपल्याकडे, तीच.

हे संग्रहालय आहे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, ला क्रॉस नावाच्या गावात. वस्ती जेमतेम बाराशे-तेराशे. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या शाळेतसुद्धा याहून जास्त मुलं असतात! गावाच्या चारी बाजूंना पसरलेली आहे प्रेअरी. भूगोलाच्या पुस्तकात ‘समशीतोष्ण गवताळ प्रदेश’ असं लिहून आपण दोन मार्क मिळवतो ना, तीच ही प्रेअरी. गवत, गहू, वारा आणि वर भलंमोठं आभाळ.

एवढ्याशा गावाने आपला इतिहास मात्र मोठ्या हौसेने जपलाय. आसपासच्या गावांतलं जुनं रेल्वे स्टेशन आणि एक जुनी बँक, अशा इमारतीच्या इमारती उचलून इथे आणून ठेवल्या आहेत. स्टेशनात आता तालुक्याचं जुनं सामान मांडलंय. या तालुक्यातलं लीबेनथाल हे गाव १८७६ साली वसवलं, ते रशियात व्होल्गा नदीकाठी राहिलेल्या जर्मन लोकांनी. म्हणजे घर सोडून आलेल्यांची पहिल्यापासूनच इथे वस्ती. पण आपण थांबायचं ते तारेपाशी.

तारेचे तुकडे फळ्यांवर ओळीने ठोकलेले दिसतात. प्रत्येक तुकडा अठरा इंचांचा, म्हणजे दीड फुटाचा. काटेरी तारा जमवणाऱ्या मंडळींचं हे ठरलेलं माप आहे. (तुम्ही तिकिटं जमवता, ते तारा जमवतात. हसू नका!) आणि प्रकार किती? दोन हजारांहून जास्त! एका तारेला बाणासारखी टोकं, एकीला पत्र्याच्या चांदण्या, तर एकीला चक्क गरगर फिरणारी छोटी चक्रं. कुंपण ते कुंपण, त्यात एवढी डोकी कशाला चालवायची, असं वाटेल तुम्हांला. त्यासाठी थोडं मागे जाऊ या.

१८६२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. नाममात्र फी भरा, पाच वर्षं जमिनीवर राहा, ती कसा, आणि १६० एकर जमीन तुमची. माणसं लोटली. आता हिशेब करा. १६० एकरांचा चौरस म्हणजे प्रत्येक बाजू अर्धा मैल. चारी बाजू मिळून दोन मैलांचं कुंपण हवं! नाहीतर मोकळी फिरणारी गुरं येणार आणि उभं पीक फस्त करणार. आपल्याकडे शेतकरी बाभळीच्या काट्यांची वई घालतो. प्रेअरीवर झाडंच विरळ, तर फांद्या कुठून आणायच्या? काहींनी ऑसेज ऑरेंज नावाच्या काटेरी झाडांची कुंपणं लावली, पण ती वाढायलाच तीन-चार वर्षं. साधी गुळगुळीत तार बांधली, तर गाईंना अंग खाजवायला बरीच झाली. रेलून रेलून त्यांनी ती लोळवली.

मग कोणीतरी तारेला काटे लावले. ते पटले, पण काटे जागेवर राहीनात. ढकलले की सगळे एका कोपऱ्यात! इलिनॉय राज्यातल्या डीकॅल्ब गावच्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने तोड काढली. काटा एका तारेभोवती गुंडाळायचा आणि दुसरी तार तिच्याभोवती पिळायची. झालं, काटा मधोमध घट्ट. काटे वळवायला त्याने घरातलं कॉफी दळायचं यंत्र वापरलं, असं सांगतात. (घरच्यांचं त्यावर काय म्हणणं पडलं, ते काही पुढे आलेलं नाही.) २४ नोव्हेंबर १८७४ रोजी त्याला पेटंट मिळालं.

तुम्हीही करून पाहा. सुतळीच्या एका तुकड्यावर थोड्या थोड्या अंतराने चार काड्या बांधा आणि सरकवून बघा, सहज सरकतील. आता दुसरी सुतळी तिच्याभोवती पिळून ताणून धरा आणि पुन्हा सरकवा. ग्लिडनची सगळी अक्कल तेवढ्यात आहे! इतकी सोपी युक्ती म्हटल्यावर ‘ही आधी माझीच’ म्हणणारेही निघाले. कोर्टकचेऱ्या झाल्या. थेट सर्वोच्च न्यायालयाने १८९२ साली ग्लिडनच्या पेटंटच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कुठे भांडण मिटलं. १८७४ साली सुमारे दहा हजार पौंड काटेरी तार तयार झाली होती. १८८० साली हाच आकडा आठ कोटी पौंडांवर गेला.

शेतकऱ्याचं पीक वाचलं, ही गोष्ट खरी. पण भिंतीवरच्या त्या ओळी जरा नीट बघा. सुरुवातीच्या तारांचे काटे लांब आणि धारदार आहेत. न दिसणाऱ्या तारेवर घोडे आणि गुरं धावत येऊन आदळत, रक्तबंबाळ होत. म्हणून पुढच्या काही तारांना पत्र्याच्या पट्ट्या आणि चांदण्या लावल्या. त्या शोभेसाठी नव्हत्या. जनावराला लांबून काहीतरी चमकताना दिसावं आणि त्याने थांबावं, यासाठी होत्या. लोकांनी या तारेला नावच ठेवलं होतं ‘सैतानाची दोरी’. १८८५-८६च्या हिवाळ्यात हिमवादळं आली, तेव्हा गुरं नेहमीसारखी वाऱ्याकडे पाठ करून दक्षिणेला सरकू लागली. वाटेत तार आडवी आली. पुढे जाता येईना, मागून कळप रेटतोय. हजारो गुरं कुंपणाला टेकून उभ्या उभ्या गोठून मेली.

माणसांचंही वैर सुरू झालं. टेक्ससमध्ये बड्या गुरंवाल्यांनी सरकारी जमिनी, रस्ते, पाणवठे यांनाही तार घातली. ज्यांच्या वाटा बंद झाल्या, ते रात्री पक्कड घेऊन निघाले. माणसं मारली गेली. शेवटी १८८४ साली तिथे कायदा झाला : कुंपण कापणं हा मोठा गुन्हा, आणि दुसऱ्याच्या किंवा सरकारी जमिनीला परवानगीवाचून कुंपण घालणं हाही गुन्हाच.

आणि त्या सगळ्यांच्या आधी इथे कोण राहत होतं? कॅन्सस हे नावच मुळी कान्सा या आदिवासी जमातीवरून पडलंय. त्यांना १८७३ साली हे राज्य सोडून आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. शायेन, अरापाहो, कायोवा, कोमांची या जमातींशी याच राज्यात, मेडिसिन लॉज इथे, १८६७ साली तह झाले आणि त्यांना राखीव प्रदेशात धाडण्यात आलं. ज्या गव्यांवर, म्हणजे बायसनवर, त्यांचं जगणं होतं, ते कळप शिकाऱ्यांनी १८७०च्या दशकात संपवत आणले. ग्लिडनची तार आली ती अशा रिकाम्या करून घेतलेल्या जमिनीवर. दीड फुटाच्या तुकड्याखाली पेटंट कोणाचं ते लिहिता येतं. जमीन आधी कोणाची, ते लिहायला त्या पट्टीवर जागा नसते.

तार तर आली, पण खांब? लाकूड नव्हतंच. इथे शेजारचं संग्रहालय बघायला विसरू नका, ते दगडी खांबांचं आहे. या भागात जमिनीखाली चुनखडीचा एक पातळ थर आहे, जाडी साधारण पाऊण फूट. गंमत अशी, की हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होत जातो. लोक हाताने ओळीत भोकं पाडत, प्रत्येक भोकात दोन लोखंडी पट्ट्या घालून मध्ये पाचर ठेवत, आणि एकेका पाचरीवर आळीपाळीने टकटक करत जात. दगड सरळ रेषेत दुभंगे. एकेका खांबाचं वजन शंभर-सव्वाशे ते दोनशे किलो! दोन मैलांच्या कुंपणाला सोळा-सतरा फुटांवर एक खांब धरला, तरी साडेसहाशेच्या आसपास खांब लागतात. ते घोडागाडीतून आणायचे आणि खड्डे खणून उभे करायचे. त्यांतले कित्येक आजही रस्त्याच्या कडेला तार धरून उभे आहेत.

निघण्याआधी तारेच्या संग्रहालयातली एक वस्तू बघायचीच. ते आहे कावळ्याच्या जातीतल्या एका पक्ष्याचं घरटं. झाडं नसलेल्या मुलखात काटक्या कुठून मिळणार? पण काटेरी तारेचे गंजलेले तुकडे मात्र जिकडे तिकडे पडलेले. पठ्ठ्याने एकेक तुकडा चोचीत धरून आणला आणि घरटं विणलं. त्याचं वजन भरलं ७२ पौंड, म्हणजे जवळजवळ ३३ किलो. तुमच्या दप्तरापेक्षा थोडं जास्तच!