यंत्र टिटवाळ्यात, नावे ऑफिसात! बिघाड शोधायचा तर सिम्बॉल फाइल जपा

समजा, टिटवाळा स्थानकावरचे एखादे तिकीट यंत्र वारंवार अडकते. नेटवर्कची सोय असेल तर इंजिनीअरने दरवेळी कल्याणहून लोकल पकडण्याची गरज नाही. ‘जीडीबी’ हा डीबगर ऑफिसातल्या संगणकावर चालतो, यंत्रात ‘जीडीबीसर्व्हर’ हा छोटा प्रोग्राम पुरतो.

नेमके काय होते?
जागा वाचवण्यासाठी यंत्रातल्या प्रोग्राममधून व्हेरिएबलची नावे आणि प्रकार बहुधा काढून टाकतात. यंत्र फक्त मेमरीतले बाइट पाठवते. ते चार बाइट म्हणजे भाडे की वेळ, हे ऑफिसात जपलेली ‘डीवॉर्फ’ स्वरूपातली माहिती सांगते. यंत्राकडच्या प्रोग्रामला एखाद्या नावाचा पत्ता हवा असेल, तर तो ‘क्यूसिम्बॉल’ संदेशातून डीबगरलाच विचारतो.

गफलत कुठे होते?
यंत्रात एक आवृत्ती आणि ऑफिसात दुसरीची माहिती असली, की डीबगर भलत्याच ओळीवर बोट ठेवतो. ‘बिल्ड आयडी’ जुळवून हे टाळता येते. पण फाइलच ठेवली नसेल, तर जुळवणार काय?

म्हणून सार्वजनिक यंत्रांच्या निविदेत प्रत्येक आवृत्तीची सिम्बॉल फाइल जपून सोपवण्याची अट हवीच. कंत्राटदार बदलला, तरी बिघाडाचे मूळ सापडले पाहिजे. नाहीतर यंत्र बंद-चालू करणे हीच दुरुस्ती ठरते आणि रांग प्रवाशांच्याच वाट्याला येते.